सोरायसिस व सोरायसिसजन्य संधिवात : उपचारांची निवड

सोरायसिस हा प्रतिकारयंत्रणेच्या बिघाडातून होणारा, वर्षानुवर्षे चालणारा त्वचाविकार आहे. तो स्पर्शाने पसरत नाही. निरोगी त्वचेतील पेशी तळातून पृष्ठभागावर यायला साधारण महिना घेतात. या विकारात त्या काही दिवसांतच वर येतात आणि लालसर चट्ट्यांवर चंदेरी खवले साचतात. कोपर, गुडघे, डोके आणि कंबर ही त्याची नेहमीची ठिकाणे. सोरायसिसच्या रुग्णांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना पुढे सांध्यांचा दाह होतो. त्यास सोरायसिसजन्य संधिवात म्हणतात. बहुतेकांत चट्टे आधी येतात आणि सांधे त्यानंतर, बरेचदा सुमारे १० वर्षांनी धरतात. थोड्या रुग्णांत क्रम उलटा असतो. रोग मुळासकट घालवणारे औषध आजही नाही, पण तो पूर्ण आटोक्यात ठेवणारी औषधे बरीच आहेत. त्यामुळे कोणते औषध कोणाला द्यायचे, हा या रोगातला खरा प्रश्न आहे.

निवडीची सुरुवात सांध्यांपासून व्हायला हवी. चट्टा कितीही जुना असला तरी बरा होताना सहसा व्रण ठेवत नाही. झिजलेले हाड मात्र कोणत्याही औषधाने पूर्ववत होत नाही. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक काळ ताठरलेले सांधे, पहिले पाऊल टाकताना टाचेत उठणारी कळ, हाताचे किंवा पायाचे एखादे बोट मुळापासून टोकापर्यंत सुजणे, विश्रांतीने वाढणारी व हालचालीने कमी होणारी कंबरदुखी, अंगुस्तानासारखे बारीक खड्डे पडलेली नखे : यांतले काहीही दिसले तर सांध्यांची तपासणी लांबवू नये. या आजारात ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर सहसा निगेटिव्ह येतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, वात नाही’ असे ऐकून घरी परतलेल्या रुग्णाची हातची वर्षे जातात, आणि हे टाळता येण्याजोगे नुकसान आहे. निदानासाठी २००६ साली प्रसिद्ध झालेले ‘कॅस्पर’ निकष वापरतात. त्वचारोगतज्ज्ञांसाठी ‘पेस्ट’ नावाची पाच प्रश्नांची चाचणी आहे; तीन किंवा अधिक उत्तरे होकारार्थी आली की रुग्णाला संधिवाततज्ज्ञाकडे पाठवावे, असा संकेत आहे.

त्यानंतर तीव्रता ठरवतात. रुग्णाचा बोटांसह एक तळहात म्हणजे शरीराच्या त्वचेचा सुमारे १ टक्का, असा अंदाज धरतात. १० टक्क्यांहून अधिक त्वचा व्यापली असेल तर आजार तीव्र मानतात. नुसत्या क्षेत्रफळावर मात्र विसंबता येत नाही. भाकरी थापणाऱ्या बाईच्या दोन्ही तळव्यांना भेगा पडल्या तर हिशेब दोन टक्क्यांच्या आतच राहतो, पण तिचा सगळा दिवस त्या भेगांत जातो. चेहरा, डोके, नखे, तळपाय आणि जननेंद्रियांवरचे चट्टे म्हणूनच थोडे असले तरी गंभीर धरतात. रोगाचा जगण्यावर होणारा परिणाम मोजण्यासाठी कार्डिफ येथे तयार झालेली ‘डीएलक्यूआय’ ही दहा प्रश्नांची प्रश्नावली १९९४ पासून वापरात आहे. तिचे गुण ० ते ३० असतात.

सौम्य आजारात लावण्याची औषधे पुरतात : स्टेरॉइड मलमे, ड-जीवनसत्त्वाशी नाते असलेले कॅल्सिपोट्रायॉल, खवले सोडवणारे सॅलिसिलिक आम्ल, कोल टार, आणि चेहरा व काखा-जांघांसारख्या नाजूक जागी टॅक्रोलिमस. लावण्याच्याच औषधांपैकी डायथ्रॅनॉल या जुन्या औषधाच्या इतिहासाला गोव्याचा धागा आहे. ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाच्या खोडातील भुकटी पोर्तुगीज व्यापारातून गोव्यात येई आणि ‘गोवा पावडर’ या नावाने नायट्यावर वापरली जाई. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बॅल्मॅनो स्क्वायर यांनी १८७०च्या दशकात ती सोरायसिसवर गुणकारी असल्याचे दाखवले, आणि १९१६ मध्ये जर्मनीत तिच्या जागी डायथ्रॅनॉल हे कृत्रिम द्रव्य आले. त्वचेवर व कपड्यांवर पडणाऱ्या डागांमुळे ते आता मागे पडले आहे.

स्टेरॉइडच्या बाबतीत आपल्याकडे फार हानी झाली आहे. खाज आली की औषधाच्या दुकानातून ट्यूब आणायची आणि संपली की दुसरी, या सवयीने त्वचा पातळ होते, रेघा उमटतात आणि औषध थांबताच चट्टे जोमाने परततात. २०१८ मध्ये अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास केंद्र सरकारने मनाई केली. पोटातून किंवा इंजेक्शनने दिलेले स्टेरॉइड याहून धोक्याचे : ते एकाएकी बंद केल्यास सर्वांगावर पूयुक्त फोड उठू शकतात, किंवा सगळी त्वचा लाल होऊन रुग्णाला इस्पितळात हलवावे लागते. ‘हमखास बरा करतो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांमध्ये स्टेरॉइड किंवा जड धातू सापडल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. ज्यावर घटक छापलेले नाहीत ते औषध घेऊ नये.

चट्टे पसरलेले आणि सांधे ठीक असतील तर प्रकाशोपचार हा चांगला पर्याय आहे. ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील ब किरण आठवड्यातून दोन-तीनदा, साधारण २० ते ३० वेळा देतात. गरोदरपणातही तो चालतो. सांध्यांना त्याचा उपयोग नाही. शिवाय तालुक्याच्या गावाहून शहरातल्या यंत्रापर्यंत आठवड्याला तीन खेपा म्हणजे तीन दिवसांची बुडालेली मजुरी. चिठ्ठी लिहिण्याआधी हा हिशेब डॉक्टरांनी विचारायलाच हवा.

पोटातल्या औषधांत मेथोट्रेक्सेटचे स्थान अजून पहिले आहे. ते स्वस्त आहे, अनेक दशकांच्या अनुभवाचे आहे आणि त्वचा व हातापायांचे सांधे दोन्हींवर चालते. मणक्याच्या दाहावर त्याचा फारसा परिणाम दिसत नाही. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. चुकून रोज घेतल्यास तोंडात फोड येतात, रक्तातील पांढऱ्या पेशी कोसळतात आणि जीवही जाऊ शकतो. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ एवढेच न लिहिता ‘दर रविवारी’ असे वाराचे नाव लिहावे, आणि घरातल्या कालनिर्णयावर त्या वारांना खूण करावी. फॉलिक आम्लाची गोळी वेगळ्या दिवशी घेतात. रक्तपेशी, यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या सुरुवातीला लवकर लवकर, पुढे दोन-तीन महिन्यांनी करतात. दारू वर्ज्य. कोट्रायमॉक्साझोल हे नेहमीचे जंतुनाशक याच्या जोडीने घेतल्यास विषबाधा होऊ शकते, म्हणून साध्या तापासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावरही मेथोट्रेक्सेट चालू असल्याचे सांगावे. गर्भावस्थेत ते पूर्ण निषिद्ध आहे.

सायक्लोस्पोरिन झपाट्याने गुण देते, पण रक्तदाब व मूत्रपिंड यांच्या भीतीने ते थोड्या काळापुरतेच ठेवतात. ॲसिट्रेटिन प्रतिकारशक्ती दाबत नाही; मात्र ते थांबवल्यावरही तीन वर्षे गर्भधारणा टाळावी लागते, म्हणून मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना ते देऊ नये. अप्रेमिलास्टला रक्ततपासण्यांचा जाच कमी; सुरुवातीला जुलाब व मळमळ होते, आणि गुण मध्यम असतो. सांध्यांसाठी लेफ्लुनोमाइड व सल्फासलाझिन हेही पर्याय आहेत.

यांनी भागले नाही तर जैविक औषधे. ही इंजेक्शने दाहाच्या साखळीतील एकच दुवा अडवतात, आणि दुवा कोणता यावर निवड ठरते. टीएनएफ अडवणारी औषधे (अडॅलिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब, इटानरसेप्ट) सांधे व मणका दोन्हींना उपयोगी; डोळ्याचा युव्हिआयटिस असल्यास यांतील अडॅलिमुमॅब बरे. तीव्र हृदयविफलता किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस असल्यास ही औषधे टाळतात. इंटरल्युकिन-१७ अडवणारी सेक्युकिनुमॅब व इक्सेकिझुमॅब चट्टे फार वेगाने घालवतात आणि मणक्यालाही लागू पडतात. आतड्याचा क्रोन विकार असलेल्यांना ती देऊ नयेत, आणि कँडिडा बुरशीचा त्रास होऊ शकतो. इंटरल्युकिन-२३ वर काम करणारी गुसेलकुमॅब व रिसँकिझुमॅब त्वचेला उत्तम आहेत आणि इंजेक्शनांमधले अंतर दोन-तीन महिन्यांचे असते. मणका धरलेला असेल तर मात्र त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. टोफॅसिटिनिब व उपाडॅसिटिनिब या गोळ्या सांध्यांवर चालतात. वयस्कर, धूम्रपान करणाऱ्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णांत त्या जपून देतात.

भारतात या टप्प्यावर सर्वांत मोठा विचार क्षयरोगाचा. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण येथे आहेत, आणि टीएनएफ रोखल्यावर शरीरात सुप्त असलेला क्षय उसळू शकतो. म्हणून छातीचा एक्स-रे, त्वचेची ट्यूबरक्युलिन चाचणी किंवा रक्ताची ‘इग्रा’ चाचणी, तसेच कावीळ ब व क आणि एचआयव्हीच्या तपासण्या आधी होतात. सुप्त क्षय आढळल्यास प्रतिबंधक गोळ्या सुरू करून सुमारे महिन्याने जैविक औषध देतात.

दुसरा विचार पैशाचा. अडॅलिमुमॅबचे जगातील पहिले जैवसमरूप औषध अहमदाबादच्या झायडसने डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणले, आणि त्यानंतर किमती पुष्कळ उतरल्या; तरीही महिन्यांमागून महिने हा खर्च पेलणे अनेक घरांना कठीण आहे. चार इंजेक्शने घेऊन पैशाअभावी थांबण्यापेक्षा नीट बसवलेले मेथोट्रेक्सेट अधिक हिताचे, असे स्पष्ट म्हणायला हरकत नाही.

वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने आजारही उतरतो आणि औषधेही अधिक चांगली लागू पडतात. सिगारेट सोडणे त्याच खात्यात. लिथियम, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि काही बीटा-ब्लॉकर औषधांनी चट्टे चिघळू शकतात, हे दुसऱ्या आजाराचे उपचार ठरवताना ध्यानात घ्यावे.

कोणत्याही औषधाचा गुण साधारण तीन ते चार महिन्यांनी मोजतात, आणि ठरवलेले लक्ष्य गाठले नसेल तर मात्रा किंवा औषध बदलतात. त्वचा स्वच्छ झाली म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये. गर्भधारणा, शस्त्रक्रिया किंवा लसीकरण ठरत असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे, कारण यांतील बऱ्याच औषधांसोबत जिवंत जंतूंच्या लसी देता येत नाहीत.