स्वतंत्रपूर : आटपाडीची कैद्यांची खुली वसाहत

सांगली जिल्ह्यातील आटपाडी गावाजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत आहे. तिला तट नाही, बुरूज नाही, कोठड्या नाहीत. गंभीर गुन्ह्यांसाठी, बहुतांशी खुनासाठी, दीर्घ मुदतीची शिक्षा झालेले कैदी येथे बायकामुलांसह राहतात, शेती करतात आणि शिक्षेची उरलेली वर्षे पूर्ण करतात. औंध संस्थानात १९३९ साली ही वसाहत सुरू झाली. संस्थान विलीन झाले, जिल्ह्याची नावे व हद्दी बदलल्या, तरी वसाहत टिकली. महाराष्ट्राच्या कारागृह विभागात आज तिची नोंद खुली वसाहत अशी आहे. गाव आणि तुरुंग यांची अशी सांगड घालणाऱ्या भारतातील सर्वांत जुन्या संस्थांपैकी ती एक आहे.

आटपाडीचा परिसर माणदेशात मोडतो. माण नदीच्या खोऱ्यातला हा मुलूख पर्जन्यछायेत येतो. पावसाळा भरवशाचा नसतो, जमीन बऱ्याच ठिकाणी मुरमाड असते आणि दुष्काळ वारंवार पडतो. खिल्लार जनावरे, मेंढपाळी, बाजरी आणि ज्वारी यांवर येथला संसार चालत आला. डाळिंबाच्या बागा आणि टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी ही अलीकडच्या काळातली भर. स्वतंत्रपूर सुरू झाले तेव्हा यांपैकी काही नव्हते. पडीक जमीन लागवडीस आणणे, विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला काढणे आणि हंगाम साधणे ही कामे येथे कोणालाही कष्टाचीच होती, आणि कैद्यांपुढे नेमकी तीच ठेवण्यात आली.

त्या काळी आटपाडी हा औंध संस्थानाचा एक महाल होता. औंधचे संस्थानिक पंतप्रतिनिधी घराण्यातले. मराठेशाहीतील प्रतिनिधिपद या घराण्याकडे परशुराम त्रिंबक यांच्यापासून चालत आले. संस्थानाचा विस्तार सुमारे ५०० चौरस मैलांचा आणि गावे ७२, पण मुलूख सलग नव्हता. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ असे त्याचे विखुरलेले तुकडे होते. त्यांतले औंध आज सातारा जिल्ह्यात, आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात आणि गुणदाळ कर्नाटकातील विजयपूर जिल्ह्यात आहे.

१९०९ मध्ये गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून ओळखले जात. औंधचे श्रीभवानी चित्रसंग्रहालय त्यांनीच उभारले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी १९१० मध्ये कुंडलजवळ माळाची जागा त्यांनी दिली, आणि तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. गुन्हेगारीचा शिक्का बसलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी या वाडीत पहारेकरी म्हणून कामावर ठेवले होते. विश्वास टाकला तर माणूस तो पाळतो, हा अनुभव संस्थानाच्या हद्दीत स्वतंत्रपूरच्या आधीपासून जमा झालेला होता.

स्वतंत्रपूरची कल्पना ज्या राजकीय घडामोडीतून पुढे आली तिला औंधचा प्रयोग म्हणतात. राजांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर झाले आणि १९३७ च्या सुमारास परतले. बंगळूरला त्यांची गाठ मॉरिस फ्रीडमन या पोलिश ज्यू अभियंत्याशी पडली. फ्रीडमन म्हैसूर सरकारच्या विजेच्या साहित्याच्या कारखान्यात मोठ्या पदावर होते. पुढे त्यांनी भगवी वस्त्रे धारण केली आणि भारतानंद हे नाव घेतले. चरख्याच्या सुधारणेत त्यांनी गांधीजींच्या सहवासात काम केले. धनुष तकली हे सूत काढण्याचे सोपे साधन त्यांच्या नावावर आहे. निसर्गदत्त महाराजांच्या संवादांचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेले इंग्रजी संकलनही त्यांचेच.

राज्यकारभाराची सत्ता प्रजेकडे सोपवावी हा विचार राजे, आप्पासाहेब आणि फ्रीडमन या तिघांच्या चर्चेतून पक्का झाला. नोव्हेंबर १९३८ मध्ये राजांनी तशी घोषणा केली. आप्पासाहेब आणि फ्रीडमन सेवाग्रामला गेले, गांधीजींनी मसुद्याला आकार दिला आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची राज्यघटना अमलात आली. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींच्या प्रमुखांनी तालुक्याचा कारभार पाहायचा आणि तालुक्यांतून मध्यवर्ती विधिमंडळ उभे राहायचे, अशी तिची रचना होती. राजांच्या खासगी खर्चावरही मर्यादा आली. गावाला स्वतःचा कारभार करता येतो असे मानणाऱ्या या व्यवस्थेने कैद्याकडेही त्याच नजरेने पाहिले, आणि फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वस्ती उभी राहिली.

त्या वेळच्या ब्रिटिश हिंदुस्थानातील तुरुंग १८९४ च्या कायद्याने चालत. कैद्याला डांबून ठेवणे, त्याच्याकडून सक्तमजुरी करून घेणे आणि शिस्त मोडल्यास शिक्षा करणे हे त्या कायद्याचे मुख्य हेतू. १९१९-२० च्या अखिल भारतीय तुरुंग समितीने कैद्याच्या सुधारणेला तुरुंगाचे उद्दिष्ट ठरवले, पण प्रत्यक्ष व्यवहार फारसा बदलला नाही. बाहेरच्या देशांतही खुले तुरुंग तेव्हा थोडेच होते. स्वित्झर्लंडमध्ये विट्झविल येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैद्यांची शेतीवसाहत सुरू झाली होती, आणि इंग्लंडमधील पहिला खुला तुरुंग वेकफील्डजवळच्या न्यू हॉल येथे १९३६ मध्ये निघाला. मुंबई इलाख्यात ठाण्याच्या तुरुंगातील निवडक कैद्यांना घेऊन १९०५ मध्ये एक खुली छावणी सुरू झाली होती, पण ती काही वर्षांतच बंद पडली. या पार्श्वभूमीवर लहानशा संस्थानाने १९३९ मध्ये उचललेले पाऊल काळाच्या पुढचे होते.

स्वतंत्रपूरची रीत सोपी होती. निवडलेल्या कैद्याला बेडी नाही, पहारा नाममात्र. राहायला घर, कसायला जमीन. दिवसा शेतात काम करायचे, पिकवलेला माल विकायचा, ठरल्या वेळी परतायचे आणि हजेरी द्यायची. पळून जाण्यास आडकाठी नसल्यामुळे थांबून राहण्याचा निर्णय कैद्याला रोज स्वतःच घ्यावा लागे. सुधारणेची सगळी भिस्त या निर्णयावर होती. आटपाडीचा बाजार वसाहतीच्या जवळच. तेथे कैद्याला गिऱ्हाइकाशी बोलावे लागे, भाव करावा लागे, हिशेब ठेवावा लागे. बंद तुरुंगात वर्षानुवर्षे घालवलेल्या माणसाची ही सवय मोडलेली असते, आणि सुटकेनंतर तिच्यावाचून त्याचे अडते.

वसाहतीचे दुसरे वैशिष्ट्य कुटुंबाचे. माणदेशासारख्या शेतकरी मुलखात खुनाच्या बऱ्याच प्रकरणांच्या मुळाशी बांधाचा, पाण्याचा किंवा भाऊबंदकीचा वाद असतो. मारणारा सराईत गुन्हेगार नसतो. रागाच्या भरात हातून घडलेल्या एका कृत्याने तो जन्मठेपेवर जातो आणि घर उघड्यावर पडते. शिक्षा एकाला होते, पण शेती पडते, मुलांची शाळा सुटते आणि बाईला गावात व सासरी निभावून न्यावे लागते. स्वतंत्रपुरात बायको व मुले कैद्याजवळ राहू शकत असल्याने घराची ही मोडतोड आवरली जाते. स्त्री येथे स्वतः कैदी नसते. तिच्यावर हजेरीचे बंधन नसते, तरी घर, शेत आणि बाजार यांचा निम्मा भार तिच्यावर असतो. नवऱ्याचा तुरुंग तिला गावासारखा चालवावा लागतो.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. आटपाडी १९४९ मध्ये नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आली. १९६० मध्ये या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. संस्थानांचे अनेक उपक्रम विलीनीकरणात विरून गेले, पण स्वतंत्रपूर राज्याच्या तुरुंगखात्याकडे आले आणि चालू राहिले. याच सुमारास देशभर खुल्या तुरुंगांना चालना मिळाली. उत्तर प्रदेशात १९५२ मध्ये संपूर्णानंद यांच्या नावाने ओळखली जाणारी कैद्यांची श्रमशिबिरे सुरू झाली. १९५५ च्या जिनिव्हा येथील संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने खुल्या संस्थांचा पुरस्कार केला. महाराष्ट्रात येरवड्याला खुले कारागृह निघाले आणि पुढे जायकवाडी धरणाच्या कामाच्या निमित्ताने पैठणलाही. राजस्थानात सांगानेर येथे १९६३ पासून कैदी कुटुंबासह राहू लागले.

महाराष्ट्रातील या सर्व संस्थांना १९७१ चे खुल्या कारागृहांचे नियम लागू झाले. त्यानुसार खुल्या कारागृहासाठी कैदी निवडताना बंद तुरुंगातील त्याचे वर्तन, शिक्षेचा पूर्ण झालेला भाग आणि श्रमाची क्षमता पाहिली जाते. सराईत गुन्हेगार आणि पूर्वी पळून गेलेले कैदी वगळले जातात. खुल्या कारागृहात घालवलेल्या प्रत्येक महिन्यासाठी शिक्षेत तीस दिवसांची माफी मिळते, त्यामुळे सुटका लवकर होते. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत खुल्या संस्थांचे तीन प्रकार सांगितले आहेत : अर्धखुल्या संस्था, खुल्या प्रशिक्षण संस्था किंवा श्रमशिबिरे, आणि खुल्या वसाहती. कुटुंबासह राहण्याची सोय हे तिसऱ्या प्रकाराचे लक्षण. स्वतंत्रपूर याच प्रकारात बसते. वसाहतीची अधिकृत क्षमता अवघी २८ कैद्यांची आहे.

स्वतंत्रपूरची माहिती देणारी साधने तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार औंधच्या प्रयोगाविषयीच्या लेखनाचा. गांधीजींनी 'हरिजन' साप्ताहिकात औंधच्या घटनेवर लिहिले. आप्पासाहेब पंतांनी वडिलांच्या आणि प्रयोगाच्या आठवणी १९८९ च्या इंग्रजी पुस्तकात नोंदवल्या. इंदिरा रोदरमुंड यांचा औंधच्या ग्रामस्वराज्यावरील अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. राज्य चालवणाऱ्यांचा हेतू, त्यांच्यातला पत्रव्यवहार आणि घटनेची कलमे या लेखनात मिळतात. वसाहत त्यात मोठ्या प्रयोगाचा एक भाग म्हणून येते.

दुसरा प्रकार चित्रपटाचा. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' १९५७ मध्ये पडद्यावर आला. त्याची कथा ग. दि. माडगूळकर यांची. माडगूळकरांचा जन्म शेटफळ्याचा, घर माडगूळचे आणि शिक्षणाचा काही काळ औंधचा. ही सारी गावे औंध संस्थानातली, त्यामुळे स्वतंत्रपूर त्यांना जवळचे होते. सहा खुनी कैद्यांना घेऊन ओसाड जमीन कसणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याची ही कथा. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवातील रौप्य अस्वल असे मान चित्रपटाला मिळाले. स्वतंत्रपूरचे नाव महाराष्ट्राबाहेर पोचले ते मुख्यतः या चित्रपटामुळे. मात्र चित्रपटाने कथेच्या गरजेनुसार बदल केले. पडद्यावरचे कैदी एका अधिकाऱ्याच्या नैतिक बळाने बदलतात, आणि त्याच्या दोन डोळ्यांची नजर हेच तेथले बंधन. प्रत्यक्ष वसाहतीत हे काम कुटुंब, जमीन आणि रोजचा व्यवहार मिळून करतात, आणि अधिकारी बदलले तरी व्यवस्था चालू राहते.

तिसरा प्रकार सरकारी नोंदींचा. त्यात नियम, कारागृहांच्या याद्या आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची वार्षिक आकडेवारी येते. येथे क्षमता आणि कैद्यांची संख्या मिळते, पण मोजणी फक्त शिक्षा झालेल्यांची होते. वसाहतीत राहणारी पत्नी तुरुंगाच्या हिशेबात कैदी म्हणून येत नाही आणि कर्मचारी म्हणूनही नाही. आठवणींच्या पुस्तकांत राजे आणि सुधारक ठळक आहेत, चित्रपटात अधिकारी, आकडेवारीत कैदी. स्वतंत्रपूर ज्या स्त्रियांच्या श्रमावर वसाहत म्हणून उभे आहे, त्यांना तिन्ही प्रकारच्या साधनांत थोडीच जागा मिळाली आहे. वसाहतीचा इतिहास लिहिताना हा तोल लक्षात ठेवावा लागतो.

शिक्षा झालेल्या स्त्रियांपर्यंत खुल्या तुरुंगाची सोय फार उशिरा पोचली. अनेक राज्यांच्या नियमांनी त्यांना दीर्घकाळ अपात्र ठरवले. सुरक्षितता आणि लहान संख्या ही त्यासाठी दिली गेलेली कारणे. महाराष्ट्रात येरवडा येथे स्त्री कैद्यांसाठी स्वतंत्र खुले कारागृह झाले, आणि २०१६ च्या आदर्श नियमावलीनेही स्त्रियांना खुल्या संस्थांची सोय असावी ही भूमिका घेतली. शिक्षा भोगणारी स्त्री आणि तिची मुले यांच्यासाठी स्वतंत्रपूरच्या धर्तीची कुटुंबवसाहत उभारणे हा या धोरणाचा पुढचा टप्पा ठरतो, कारण आई तुरुंगात गेल्यावर घर मोडण्याचा वेग वडिलांच्या बाबतीत असतो त्याहून अधिक असतो. औंधने १९३९ मध्ये मान्य केलेले तत्त्व, म्हणजे कैद्याला त्याच्या माणसांपासून न तोडता शिक्षा देता येते, पुरुषांच्या बाबतीत आटपाडीत आठ दशकांहून अधिक काळ पाळले गेले आहे.