गोळ्यावाल्याची पेटी

जपानमधल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या बालविभागात पुस्तकांच्या कपाटांशेजारी बहुधा एक खण वेगळा राखलेला असतो. त्यात जाड कागदावर छापलेल्या चित्रांचे संच असतात, प्रत्येक संच आपापल्या पाकिटात. एका गोष्टीची बारा किंवा सोळा चित्रं, साधारण ३८ सेंटिमीटर लांब आणि २६ सेंटिमीटर उंच. मागितली तर एक लाकडी पेटीही घरी न्यायला मिळते. हिला कामिशिबाई म्हणतात, म्हणजे कागदाचं नाटक.

पेटीची रचना सोपी आहे, पण तिच्यात एक खुबी आहे. दर्शनी बाजूला तीन झडपा, दोन्हीकडे एकेक आणि एक वर. त्या उघडल्या की चौकटीत पहिलं चित्र दिसतं. एका कडेला फट असते. तिच्यातून समोर दिसणारं चित्र ओढून काढायचं आणि गठ्ठ्याच्या मागे सरकवायचं. सांगणारा असतो पेटीच्या बाजूला, तोंड मुलांकडे. त्याला दिसते ती गठ्ठ्यातल्या सगळ्यांत मागच्या कागदाची पाठ. म्हणून पहिल्या चित्राचा मजकूर छापलेला असतो शेवटच्या चित्राच्या पाठीवर. पहिलं चित्र मागे गेलं की त्याच्या पाठीवर दुसऱ्याची गोष्ट, दुसरं गेलं की तिसऱ्याची. गठ्ठा हातातून पडून क्रम विस्कटला तर चित्र सशाचं आणि गोष्ट लांडग्याची, असा गोंधळ ठरलेला. मजकुराच्या कडेला बारीक अक्षरांत सूचना असतात: इथे अर्धंच ओढा, इथे सावकाश, इथे झटकन. अर्धं ओढलं की खालच्या चित्रातलं एक शेपूट दिसतं, आणि ते शेपूट कुणाचं यावर मुलं आपसात भांडायला लागतात. पुस्तकाचं पान उलटताना हे साधत नाही.

शाळा-ग्रंथालयांत आज इतकं सभ्य होऊन बसलेलं हे साधन मुळात रस्त्यावर गोळ्या विकणाऱ्यांचं. त्याची कुळकथा सांगायची तर तिथूनच सुरू करावी लागते.

१९२९ नंतर जगभर मंदी आली तेव्हा तोक्योत बेकारांचे तांडे होते. त्यातच बोलपट आले. जपानी मूकपटांना पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे निवेदक असत, त्यांना बेन्शी म्हणत. काहींची नावं नटांपेक्षा मोठी होती. बोलपटांनी त्यांची भाकरी काढून घेतली. पाठीशी भांडवल नाही, पण आवाज आहे आणि गर्दी धरून ठेवायची विद्या आहे, अशी माणसं काय करणार? १९३०च्या सुमारास गल्लीबोळांत सायकली फिरू लागल्या. मागच्या कॅरिअरवर लाकडी पेटी, पेटीच्या पोटात खण, खणांत गोळ्या आणि काडीवर गुंडाळून द्यायचा चिकट पाक. गल्लीच्या तोंडाशी सायकल उभी करून माणूस दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर वाजवायचा. ते ठोकळे काबुकी नाटकातले, पडदा उघडताना वाजवायचे. टकटक ऐकू आली की घराघरांतून पोरं धावत सुटायची.

गोळी घेणारा पुढे बसायचा. पैसे नसलेला मागे उभा राहून माना वाकड्या करून बघायचा. खेळाचं तिकीट असं नव्हतंच, उत्पन्न सगळं गोळीवर. सहसा एका बैठकीत तीन तुकडे असत: लहानग्यांसाठी विनोदी, मुलींसाठी रडकं, मुलांसाठी मारामारीचं. आणि शेवटचं चित्र नेमकं अशा जागी थांबायचं की नायिका कड्यावरून लोंबकळते आहे. पुढचं उद्या! उद्या पुन्हा टकटक, पुन्हा गोळी.

चित्रं त्या माणसाच्या मालकीची नसायची. ती भाड्याने देणारे आडतदार असत. त्यांच्याकडे चित्रकार बसवलेले. ते रोज नवे भाग हाताने रंगवायचे आणि पावसापाण्यासाठी वर रोगण फिरवायचे. प्रत एकच. आज या मोहल्ल्यात वापरलेला भाग उद्या दुसऱ्याच्या सायकलीवर. पाठीवर मजकूर फार तर चार ओळी खरडलेला. बाकी सगळं ऐकून, लक्षात ठेवून, वेळेला पदरचं घालून सांगायचं. ‘सोनेरी वटवाघूळ’ हा कवटीच्या तोंडाचा, झगा पांघरलेला, उडणारा वीर याच कारखान्यातून निघाला. त्याच्या जन्माची हकिकत मोठी मजेशीर आहे. आधी एक काळं वटवाघूळ होतं, खलनायक, आणि ते इतकं अजिंक्य करून ठेवलेलं की मालिका संपवायला त्याला हरवणारं कुणीच उरलं नाही. मग शेवटच्या भागात हा सोनेरी आयत्या वेळी आणला, आणि पोरांनी त्यालाच डोक्यावर घेतलं. अमेरिकेतला सुपरमॅन छापून यायला अजून सात-आठ वर्षं होती.

आता जरा मागे जाऊ. सुट्या चित्रांच्या आधी याच फेरीवाल्यांकडे काडीला चिकटवलेल्या कागदी बाहुल्या होत्या, त्याआधी काचेवरची चित्रं दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडण्याचा खेळ होता. आणि त्याहीमागे, कित्येक शतकं, बौद्ध मंदिरांतले भिक्षू आणि भिक्षुणी गुंडाळपटावरचा स्वर्ग-नरक काठीने दाखवत निरूपण करायचे. या मंदिरी परंपरेचं मूळ चीनमार्गे भारतापर्यंत जातं अशी मांडणी चिनी साहित्याचे अमेरिकन अभ्यासक व्हिक्टर मेअर यांनी १९८८ साली ‘पेंटिंग अँड परफॉर्मन्स’ या ग्रंथात केली. अशा लांबलचक वंशावळी पाहिल्या की मी सावध होतो, कारण चित्र दाखवून गोष्ट सांगणं कुठल्याही गावात कुणालाही सुचू शकतं. पण भारताकडचा पुरावा जुना आणि ठसठशीत आहे हे मान्य करावं लागतं. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त वडिलांच्या आजारपणाची बातमी ऐकून हर्ष घाईने राजधानीत शिरतो, तेव्हा बाजारात त्याला एक यमपट दाखवणारा दिसतो. डाव्या हातातल्या काठीवर चित्रांचा पट ताणलेला, उजव्या हातात बोरू, आणि रेड्यावर बसलेल्या यमाकडे बोट करून परलोकीची हकिकत चाललेली. भोवती गर्दी कुणाची, तर उत्सुक पोरांची. ‘मुद्राराक्षसा’त तर चाणक्याचा हेर याच वेषात घरोघर शिरतो, पट घेऊन हिंडणाऱ्याला कुणी अडवत नसणार, म्हणून.

या घराण्याची आपल्याकडची शाखा म्हणजे चित्रकथी. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने ती टिकवली. रामायण-महाभारतातल्या एकेका कथेची चित्रं सुट्या कागदांवर, त्या कागदांची पोथी, आणि एकेक कागद पुढे करत गाऊन सांगायचं. सुटे कागद, एक कथा, सांगणारा समोर: पेटी सोडली तर कामिशिबाईचा सगळा ऐवज इथे आहे. फरक पोटापाण्याचा. चित्रकथी देवळाच्या आणि राजाश्रयाच्या आधाराने जगला, त्यामुळे त्याची कथाही देवाधर्माची राहिली. तोक्योचा सायकलवाला गोळीवर जगला; पोरांना जे आवडेल ते, आणि उद्या परत यावंसं वाटेल असं, त्याला सांगावंच लागलं. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. सायकलवाल्यांच्या वाट्याला त्यांच्या भरभराटीच्या काळात आल्या त्या तक्रारी.

कवट्या, रक्त, भुतं, सावत्र आयांचा छळ. शिवाय हातानं वळलेला तो अस्वच्छ पाक. शिक्षक आणि पालक वैतागले होते. त्यांच्यातल्या एका बाईंनी मात्र नुसती तक्रार केली नाही. इमाइ योने या ख्रिस्ती धर्मप्रचारक. अमेरिकेत शिकून १९३२ साली परतल्या आणि मुलांसाठी रविवारची शाळा चालवू लागल्या. बाहेर ठोकळे वाजले की वर्ग रिकामा! येशूची गोष्ट अर्धी टाकून मुलं वटवाघळाकडे. बाईंनी बाहेर जाऊन तो खेळ नीट पाहिला आणि १९३३ साली बायबलातल्या गोष्टींचे कामिशिबाई संच छापून काढायला सुरुवात केली. चित्रं मोठी केली, म्हणजे वर्गातल्या मागच्या रांगेलाही दिसावीत. मागची रांग ही शाळेची अडचण. रस्त्यावर मागे उभा असलेला फुकट्या होता, त्याला नीट दिसलं नाही तर ते धंद्याच्या पथ्यावरच पडायचं.

त्यांचं पाहून गरीब वस्तीतल्या मुलांत काम करणाऱ्या मात्सुनागा केन्या या तरुणाने एका सोव्हिएत चित्रपटावरून आपला संच केला. ताकाहाशी गोझान यांनी १९३५पासून बालवाडीसाठी संच काढले, त्यात लांडगे, डुकरं, ससे आले. इथे छपाई आली आणि छपाईबरोबर पाठीवरचा पूर्ण मजकूर आला. सायकलवाल्याला तो कधीच लागला नव्हता. शिक्षिकेला लागतो, तिला दिवसाला सहा तास शिकवून वर गोष्ट सांगायची असते. आणि गोष्ट त्याच बैठकीत संपू लागली. ‘पुढचं उद्या’ गेलं. गोळी विकायची नसल्यावर उद्याची गरज काय, असं म्हणता येईल. माझ्या मते शिक्षकांनी इथे हातचं घालवलं. मूल उद्या शाळेत यावं ही गरज शाळेलाही असतेच की.

छापलेला मजकूर आणखी कुणालातरी सोयीचा होता, आणि तो कुणीतरी म्हणजे सरकार. १९३८ साली शैक्षणिक कामिशिबाईची संघटना उभी राहिली आणि युद्धाचा जोर वाढला तशी ती प्रचारात ओढली गेली. बचत करा, रोखे घ्या, मुलगा आघाडीवर पाठवा, अशा गोष्टी कारखान्यांत, शेजारसमित्यांत, जाव्हासारख्या जिंकलेल्या मुलखातही याच पेटीतून दाखवल्या गेल्या. वीज नको, पडदा नको, सायकलीवर जाते, आणि शब्द न् शब्द वरून ठरवून देता येतो. बालवाडीसाठी जे गुण तेच प्रचारखात्यासाठी. कामिशिबाईवरच्या गोड पुस्तकांतून हे प्रकरण दोन ओळींत उरकतात, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

युद्धानंतर बेकारी पुन्हा आली, सायकली पुन्हा निघाल्या. ऐन भरात देशभर पन्नास हजार सायकलवाले असावेत असा अंदाज नेहमी दिला जातो. मग १९५३ साली दूरचित्रवाणी सुरू झाली. लोक सुरुवातीला तिला विजेची कामिशिबाईच म्हणायचे, आणि त्या विजेच्या पेटीने लाकडी पेटीचा धंदा काही वर्षांत बसवला. चित्रकार मासिकांच्या चित्रकथांकडे, म्हणजे मांगाकडे वळले. मिझुकी शिगेरू त्यांतले एक. त्यांचा जगप्रसिद्ध किटारो हा स्मशानातला पोरगा आधी कामिशिबाईतलाच.

रस्ता रिकामा झाला तेव्हा वर्गात आणि ग्रंथालयात गेलेली शाखा तेवढी जिवंत राहिली. १९५७ साली स्थापन झालेल्या दोशिन्शा या प्रकाशनाने ती जोमाने वाढवली. लेखिका मात्सुइ नोरिको यांनी तिला आणखी एक वळण दिलं. त्यांच्या एका संचात सांगणारा मुलांना म्हणतो, मोठं हो म्हणा. सगळी ओरडली की चित्र ओढायचं आणि खालच्या चित्रातलं छोटंसं डुकराचं पिल्लू खरंच मोठं झालेलं. ओढायचा क्षण मुलांच्या हाती गेला. कमी ओरडली तर सांगणाऱ्याने ऐकू न आल्याचा आव आणायचा, हे कागदावर कुठेही लिहिलेलं नसतं, पण प्रत्येक जण करतो.

फ्रान्समधल्या शाळा-ग्रंथालयांनी ही पेटी इतकी आपलीशी केली की तिथे बहुभाषी कामिशिबाईची स्पर्धा भरते. वर्गाने मिळून एक गोष्ट रचायची, चित्रं काढायची, आणि गोष्टीत किमान चार भाषा आल्या पाहिजेत. स्थलांतरितांच्या मुलांनी भरलेल्या वर्गात याचा अर्थ असा की एखाद्या चित्रापुरती तरी गोष्ट त्या मुलाच्या घरच्या भाषेत जाते. आपल्याकडे कोरकू, पावरी किंवा गोंडी घरांतून मराठी शाळेत येणाऱ्या मुलांसाठी हाच नियम उचलायला खर्च जाड पुठ्ठ्याचा.

पेटीला मात्र काही लोक फाटा देतात. सुतार नाही, खर्च नाही, म्हणून चित्रांचा गठ्ठा हातात धरून दाखवतात. जुनी जपानी मंडळी यावर फार नाराज होतात. त्यांच्या मते चौकट नसेल तर चित्र ओढल्याचं कळतच नाही, नुसतं बदलल्यासारखं दिसतं. यात हट्ट कमी आणि अनुभव जास्त आहे. हातातला गठ्ठा हलतो, अर्धं चित्र ओढून थांबता येत नाही, आणि शेपूट कुणाचं हे भांडण होत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्याला एका बाजूने फट पाडून झडपा ठेवल्या तरी ही अडचण सुटते. फक्त फट चित्राहून बोटभर जास्त उंच हवी, नाहीतर नेमकं ‘झटकन’ लिहिलेलं चित्र अडकतं.