शिष्यवृत्तीच्या फॉर्ममधले तीन रकाने

आज आपण बोलणार आहोत एका फॉर्मबद्दल. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तो भरलाय, काही जण यंदा भरतील. कॉलेजच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म.

मी पहिल्यांदा तो भरला तेव्हा आमच्या कर्जत तालुक्यातल्या गावात नेटची बोंब होती. आधारला वडिलांचा नंबर जोडलेला आणि वडील रानात, रेंजच्या बाहेर. ओटीपी जायचा, मी गाडी काढून बांधापर्यंत जायचो, परत येईपर्यंत मुदत संपलेली. त्यात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दोन हेलपाटे झालेले. संध्याकाळी घरी येऊन म्हणालो, "जाऊ द्या, नाही भरत. आपण गरीब आहोत हे किती जणांना सांगायचं?"

ओट्यावर बसलेले आजोबा शांतपणे म्हणाले, "आम्हाला बाराशेच्या आतला दाखला लागायचा. तलाठ्याकडं तीन दिवस बसलो होतो मी. पण तो कागद मिळाला नसता, तर कॉलेजचं तोंड बघितलं नसतं."

बाराशेच्या आतला म्हणजे काय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते शोधायला गेलो आणि फॉर्ममधला एकेक रकाना उलगडत गेला. आज त्यातले तीन बघू.

पहिला रकाना: वसतिगृहात राहता का?

आपल्या नगर जिल्ह्यात डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केलं ते १९४७ मध्ये. त्याआधी इथल्या पोरांसाठी कॉलेज म्हणजे बहुतेक वेळा पुणं. म्हणजे फी नंतर, आधी प्रश्न असा की राहायचं कुठं आणि खायचं काय? खेड्यातल्या हुशार पोराचं शिक्षण बऱ्याचदा इथंच अडायचं.

राजर्षी शाहू महाराजांनी हे ओळखलं होतं. १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, पुढं वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं उभी राहिली. त्याच कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा.

भाऊरावांचा मुष्टिफंड तर प्रत्येक घरातून यायचा. बाईनं रोज दळणाच्या वेळी मूठभर धान्य वेगळं काढून ठेवायचं, ते बोर्डिंगच्या पोरांसाठी. आणि पोरांनीही फुकट खायचं नाही, राबायचं आणि शिकायचं. हीच ती 'कमवा आणि शिका'. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांमध्ये आजही ही योजना भाऊरावांच्या नावानं चालते, आणि आपल्या जिल्ह्यातली कॉलेजं त्याच विद्यापीठात येतात. रयतची कॉलेजंही नंतर आपल्याकडं आली. श्रीरामपूर, कर्जत, कोपरगाव. आजोबा शिकले ते त्यातल्याच कर्जतच्या दादा पाटील महाविद्यालयात. घरापासून सायकलच्या अंतरावर.

दुसरा रकाना: प्रवर्ग.

आता १९१३ मध्ये चला. बावीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांना बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासाठी. त्या बदल्यात परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार.

तिथून ते लंडनला गेले, पण १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. एवढं शिकून आलेल्या माणसाला बडोद्यात राहायला कुणी जागा देईना. पुढं त्यांनी मुंबईत प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्रानं उसने दिले, तेव्हा कुठं १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला पोचले.

थोडं थांबून विचार करा. इतका मोठा विद्वान, पण त्याचं शिक्षण दोन राजे आणि एक मित्र यांच्या चांगुलपणावर टिकून होतं. राजा भला नसता तर? आणि ज्याच्यापर्यंत राजाची नजर पोचलीच नाही, त्याचं काय?

१९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. त्यांनी सरकारपुढं दलितांच्या मागण्या मांडल्या, त्यात उच्च शिक्षणासाठी पैसे ही मोठी मागणी होती. १९४४ पासून केंद्र सरकारनं अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली. तुम्ही पोर्टलवर 'पोस्ट मॅट्रिक' निवडता ना, ती हीच. स्वतः जे मागून, उसनं घेऊन मिळवलं, ते पुढच्या पोरांना नियमानं मिळावं, अशी सोय त्यांनी केली.

तिसरा रकाना: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न. इथं माझे आजोबा येतात.

यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी फी सवलत आली. लोक तिला ईबीसी म्हणायचे. जात कुठलीही असो, घरचं वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असेल तर फी माफ. जिरायती शेती, पाऊस पडला तर ज्वारी, नाहीतर काही नाही, अशा आमच्यासारख्या घरांसाठी ते दार पहिल्यांदा उघडलं. आजची राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती हे त्याच ईबीसीचं पुढचं रूप. मर्यादा आता आठ लाखांवर आहे, आणि २०२४-२५ पासून त्या मर्यादेतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ झालीय.

मग माझ्या त्या दिवसाच्या चिडचिडीचं काय? ती खोटी नव्हती. पैसे उशिरा येतात, कागद कमी पडतो, कुणीतरी तुसडेपणानं बोलतं. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या पोरीनं दाखल्यासाठी सही कुणाची आणायची, हा प्रश्न आपल्या पाथर्डी-जामखेडकडं आजही खराच आहे. त्याबद्दल भांडलंच पाहिजे.

पण एक गोष्ट मला आता कळते. दयेला कागद लागत नाही, राजाची मर्जी पुरते. हक्काला कागद लागतो. मी तहसीलमध्ये रांगेत उभा होतो, तेव्हा कुणाच्या दारात हात पसरून उभा नव्हतो.

त्या रात्री आजोबा माझ्याबरोबर रानात आले. बांधावर एक काडी रेंज होती. ओटीपी आला, फॉर्म गेला.

तेव्हा मंडळी, यंदा फॉर्म भरायचा असेल तर उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा, बँक खातं आधारला जोडलंय का ते बघा, शेवटच्या तारखेची वाट बघू नका. दुसऱ्या वर्षी रिन्यूअल करायला विसरू नका. आणि वर्गात कुणी लाजेपोटी फॉर्म सोडत असेल, तर त्याला हा एपिसोड ऐकवा. भेटू पुढच्या भागात.