चार्जिंग स्टेशनचे पैसे कोण भरणार? कोयनेपासून पेठ नाक्यापर्यंतची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. इयरफोन घरी विसरलात तरी चालेल.

एक प्रवास डोळ्यांसमोर आणा. पुण्याहून सांगलीला निघालात, गाडी मित्राची, इलेक्ट्रिक. खंबाटकी घाट चढताना बॅटरीचा आकडा भरभर खाली येतोय. सातारा मागे पडलं, कऱ्हाड मागे पडलं. पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळायचंय आणि तुम्ही फोनवर चार्जर शोधताय. गंमत बघा, याच सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात, कोयना धरण आहे. 1960 मेगावॉट क्षमतेचा जलविद्युत प्रकल्प! वीज आपल्या अंगणातली, मग चार्जरसाठी इतकी शोधाशोध का?

उत्तर इतिहासात आहे. विजेची यंत्रं बसवायला आपल्याकडे नेहमी कुणी ना कुणी पैसे दिलेत. खरा प्रश्न असतो तो गिऱ्हाईक येईपर्यंतचा रिकामा काळ कोण सोसणार, हा.

आधी कोयनाच घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाटांनी या खोऱ्याची पाहणी केली होती. पहिल्या महायुद्धानंतर तो बेत मागे पडला. एका कंपनीने एवढा पैसा इतकी वर्षं अडकवून ठेवायचा, हे सोपं नव्हतं. स्वातंत्र्यानंतर सरकारने काम हातात घेतलं, जागतिक बँकेचं कर्ज मिळालं आणि 1962 मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. ही वीज मोठ्या प्रमाणावर कुठे गेली? मुंबईकडे. कारखाने तिकडे, म्हणजे बिल भरणारं गिऱ्हाईक तिकडे. आणि ज्यांची घरं-शेतं शिवसागर जलाशयाखाली गेली, त्या कुटुंबांपैकी कितीतरी जण पुनर्वसनासाठी पुढे कित्येक वर्षं भांडत राहिले. कर्जाचा हिशोब कागदावर असतो, हा दुसरा खर्च कुठल्याच ताळेबंदात नसतो.

आता त्याच्याही मागे जाऊ. 1910. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली होती. तेव्हा औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचं माळरान दिलं आणि भांडवलालाही हात दिला. तीच आजची किर्लोस्करवाडी. औंध साताऱ्यात, किर्लोस्करवाडी सांगलीत, म्हणजे ही आपल्या दोन्ही जिल्ह्यांची गोष्ट. राजाने कारखाना स्वतः चालवला नाही. जागा दिली, सुरुवातीचा भार हलका केला आणि धंदा धंदेवाल्यावर सोडला. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तिसरी गोष्ट सहकाराची. 1969 मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं. त्याच्या मदतीने देशात काही वीज सहकारी संस्था प्रयोग म्हणून उभ्या राहिल्या. त्यातली एक सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्यात हुक्केरीला, दुसरी आपल्या नगर जिल्ह्यात मुळा-प्रवरा. हुक्केरीची संस्था टिकली. मुळा-प्रवराचा परवाना 2011 मध्ये संपला आणि कारभार महावितरणकडे गेला. मागे उरला तो मोठ्या थकबाकीचा वाद. खांब आणि तारा उभ्या करायला कर्ज मिळालं होतं. पण दर महिन्याला जमा-खर्चाची तोंडं जुळवायला कुणी कर्ज देत नाही.

आता चार्जिंगकडे येऊ. 2018 मध्ये केंद्राने स्पष्ट केलं की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नाही, त्यामुळे वेगळा परवाना लागत नाही. सुरक्षेचे नियम पाळा, जोडणी घ्या, सुरू करा. शहरात 3 किलोमीटर गुणिले 3 किलोमीटरच्या चौकोनात एक आणि महामार्गावर दोन्ही बाजूंना दर 25 किलोमीटरला एक स्टेशन असावं, असंही सांगितलं. दार उघडलं, पण आत यायला पैसे?

2019 च्या फेम-2 योजनेत 10,000 कोटींपैकी 1,000 कोटी चार्जिंगसाठी होते. 2020 च्या जानेवारीत 62 शहरांसाठी 2,636 स्टेशनं मंजूर झाली, त्यात महाराष्ट्राची 317. पण भर होता तो 10 लाखांवरच्या शहरांवर आणि स्मार्ट सिटींवर. 2011 च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या साधारण 5 लाख, सातारा शहराची सव्वा लाखाच्याही आत. संपला विषय!

मग 2021 चं राज्याचं धोरण आलं. लक्ष्य ठेवलेली शहरं होती मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद, अमरावती, सोलापूर. महामार्ग निवडले मुंबई-पुणे, मुंबई-नाशिक, नाशिक-पुणे आणि मुंबई-नागपूर. पुणे-सातारा-कोल्हापूर त्या चारांत नव्हता. जलद चार्जरला खर्चाच्या निम्मं, जास्तीत जास्त 5 लाख, असं अनुदान ठेवलं होतं.

आता एक ढोबळ हिशोब करू. आकडे समजुतीसाठी धरलेत. एका गाडीत 20 युनिट वीज भरली आणि युनिटमागे 5 रुपये सुटले, तर गाडीमागे 100 रुपये. दिवसाला तीन गाड्या आल्या तर महिन्याला 9,000. यातून जागेचं भाडं, दुरुस्ती, विजेचा स्थिर आकार आणि बँकेचा हप्ता भागवायचा! म्हणजे अर्धं यंत्र फुकट मिळालं तरी पहिली दोन-तीन वर्षं खिशातूनच जाणार. चार्जर नाही म्हणून लोक गाडी घेत नाहीत, गाड्या नाहीत म्हणून कुणी चार्जर लावत नाही. नादुरुस्त, धूळ खात पडलेले चार्जर दिसतात, त्यामागे बऱ्याचदा हाच हिशोब असतो.

गोष्टी थोड्या बदलल्यात. 2024 च्या पीएम ई-ड्राइव्हमध्ये चार्जिंगसाठी 2,000 कोटी ठेवलेत. राज्याच्या 2025 च्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगचं उद्दिष्ट आहे. म्हणजे सातारा, कऱ्हाड निदान कागदावर तरी आले.

पण तीन जुन्या गोष्टींनी शिकवलंय ते विसरू नका. कोयनेने शिकवलं की पैसा गिऱ्हाइकाच्या मागे जातो. मुळा-प्रवराने शिकवलं की उभारणीपेक्षा चालवणं महाग. आणि औंधच्या राजाने दाखवलं की सरकारने जागा द्यावी, सुरुवातीचा भार उचलावा. नगरपालिकेकडे, एसटीकडे, बाजार समितीकडे मोक्याच्या जागा आहेत. भाडं पहिली तीन वर्षं नाममात्र ठेवायचं आणि बदल्यात एकच अट घालायची: चार्जर चालू राहिला पाहिजे, बंद पडला तर दंड.

पुढच्या वेळी कुणी नेता चार्जरची फीत कापताना दिसला, तर टाळ्या जरूर वाजवा. फक्त एक प्रश्न विचारा: साहेब, दोन वर्षांनी याचं बिल कोण भरणार?

भेटू पुढच्या भागात. तोवर बॅटरी जपा, फोनचीही आणि गाडीचीही!