जमीन कोणाची, घर कोणाचं : पाम स्प्रिंग्ज आणि एका बडोदेकराची टायटल सर्च

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

बडोदे संस्थानाचा जुना नकाशा ज्यांनी पाहिलाय त्यांना माझं पुढचं म्हणणं पटकन कळेल. एकसंध राज्य असं ते नव्हतंच. बडोदे इथे, कडी तिथे उत्तरेला, नवसारी खाली, अमरेली पार काठियावाडात, आणि मधेमधे इंग्रजांचा मुलूख. बडोद्याहून नवसारीला जायचं तर भरूच आणि सुरत हे इंग्रजी जिल्हे ओलांडून जावं लागे. १७५२ला पेशवे आणि गायकवाड यांनी गुजरातची वाटणी केली, पुढे पेशव्यांचा हिस्सा इंग्रजांकडे गेला आणि हे ठिगळांचं गोधडं तयार झालं. आजोबा म्हणायचे, एक शेत गायकवाडी आणि बांधापलीकडचं इंग्रजी, दोन्हीकडचे कायदे वेगळे.

असंच गोधडं, फक्त पट्टीने आखलेलं, मी अमेरिकेत पाहिलं. कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्ज गावात.

माझी ताई आणि जिजाजी (बडोद्याला आम्ही मराठी माणसंही जिजाजीच म्हणतो) तीसेक वर्षं लॉस एंजेलिसच्या बाजूला आहेत. निवृत्तीनंतर हिवाळ्यात राहायला वाळवंटात एखादा कॉन्डो किंवा टाउनहोम घ्यायचा त्यांचा विचार होता. २०२५च्या फेब्रुवारीत मी तिकडे होतो. माझी उभी नोकरी रावपुऱ्यातल्या एका वकिलाच्या कचेरीत दस्तावेज तपासण्यात गेली, त्यामुळे ताई म्हणाली, "तू कागद बघ, भिंती आम्ही बघतो." भिंती छानच होत्या. सपाट छपरं, जमिनीपासून छतापर्यंत काचा, मागे एकदम उभा चढलेला सान जासिंतोचा डोंगर, १०,८०० फुटांच्या वर. गाव उन्हात आणि शिखरावर बर्फ. असं दृश्य दाखवून कुणीही काहीही विकू शकेल.

पण जाहिराती वाचताना एक गंमत लक्षात आली. काही घरांखाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, "यू ओन द लँड", म्हणजे जमीनही तुमचीच. आता घर विकताना हे मुद्दाम सांगायची वेळ का यावी? आणि ज्यांच्याखाली ते लिहिलेलं नाही, तेवढीच खोल्यांची घरं बरीच स्वस्त. ताईला वाटलं, ती जुनी असतील. मला नाही वाटलं. आपल्याकडे 'नवी शरत'ची जमीन 'जुनी शरत'पेक्षा स्वस्त का, हे ज्याने बघितलंय त्याला वास येतोच.

तर इतिहास असा आहे.

या खोऱ्यात काहुइया लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. गावाच्या मधोमध गरम पाण्याचा झरा आहे, आपल्या उनाईसारखा. त्यांच्या भाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थ उकळत्या पाण्याचा आवाज. स्पॅनिश लोकांनी त्याला आग्वा कालिएन्ते म्हटलं, म्हणजे नुसतं 'गरम पाणी', आणि तेच इथल्या टोळीचं सरकारी नाव झालं. अमेरिकन सरकारने सगळ्या प्रदेशाची चौकोनी मोजणी केलेली होती. एक चौकोन एक मैल लांब, एक मैल रुंद, ६४० एकरांचा, त्याला ते सेक्शन म्हणतात, आणि प्रत्येक ३६ चौकोनांना १ ते ३६ असे आकडे. सदर्न पॅसिफिक रेल्वेने रूळ टाकावेत म्हणून सरकारने रुळांच्या दोन्ही बाजूंच्या दहा-दहा मैलांतले विषम आकड्यांचे चौकोन कंपनीला देऊन टाकले. मग १८७६ला राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी आणि १८७७ला हेझ यांनी हुकूम काढून काहुइया लोकांसाठी राखीव जमीन ठरवली. त्यांना मिळाले सम आकड्यांचे चौकोन. एक रेल्वेचा, एक टोळीचा, एक रेल्वेचा, एक टोळीचा. बुद्धिबळाचा पट.

(१८७५ला सयाजीराव गादीवर आले. म्हणजे आपल्याकडे कवळाण्याचा मुलगा राजवाड्यात बसून धुळाक्षरं गिरवत होता, त्याच सुमाराला हा पट मांडला गेला. संबंध काही नाही, पण तारखा डोक्यात बसायला बऱ्या.)

रेल्वेने आपले चौकोन विकले, त्यांवर गाव झालं, हॉलिवूडची मंडळी हवा खायला येऊ लागली, १९३८ला पाम स्प्रिंग्ज रीतसर शहर झालं. टोळीच्या चौकोनांवर मात्र काही मोठं उभं राहीना. कारण ती जमीन वॉशिंग्टनच्या सरकारच्या विश्वस्तपणाखाली. विकता येत नाही, आणि भाड्याने द्यायची तर फक्त पाच वर्षांसाठी. पाच वर्षांच्या भाडेपट्ट्यावर कोण हॉटेल बांधणार? कुठली बँक पैसे देणार? गरम झऱ्याचा १४ नंबरचा चौकोन तर ऐन शहरात, आणि त्याचे मालक कागदावर श्रीमंत, घरात गरीब.

प्रत्येक सदस्याच्या नावावर वेगळा तुकडा करून द्यायचं सरकारने ठरवलं होतं, माणशी ४७ एकर : २ शहरात, ५ पाण्याखालची आणि ४० कोरडी. पण मोजणी करून झाल्यावर सरकारच मंजुरी देईना. ली अरेनास नावाच्या काहुइया माणसाने सरकारवर दावा केला आणि १९४४ला सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडच्या कोर्टकचेऱ्या बघून कंटाळलेल्या मला हे वाचून बरं वाटलं, की तिकडेही 'फाइल वर गेलीय' हे वीस वर्षं चालतं.

मग आल्या बायका. १९५४ला या टोळीचं सगळं कौन्सिल बायकांचं होतं, अमेरिकेतलं तसलं पहिलंच. अध्यक्षा व्हायोला ओलिंगर. वॉशिंग्टनला खेटे घालून, समित्यांपुढे बसून त्यांनी एकच गोष्ट लावून धरली : आम्हाला विकायचं नाही, पण लांब मुदतीने भाड्याने देता आलं पाहिजे. १९५५ला २५ वर्षांची आणि पुढे तेवढीच वाढवण्याची परवानगी मिळाली. १९५९ला आयझेनहॉवरच्या सहीने ९९ वर्षांची, आणि त्याच वर्षी सदस्यांच्या जमिनींच्या किमती समान करण्याचा कायदाही झाला. पाम स्प्रिंग्जमधले भाड्याच्या जमिनीवरचे कॉन्डो, टाउनहोम, हॉटेलं ही सगळी या ९९ आकड्याची लेकरं. ताईला आवडलेल्या कॉन्डोच्या कागदांत मूळ पट्टा साठीच्या दशकाच्या आतबाहेरचा का, ते असं उलगडलं.

इथवर गोष्ट चांगली आहे. पुढची तशी नाही.

जमिनीला एकदम सोन्याचा भाव आल्यावर, या लोकांना आपला पैसा सांभाळता येणार नाही, असं गावाने आणि कोर्टाने ठरवलं. कोर्टाने पालक नेमले. लहान मुलांनाच नव्हे, मोठ्या धडधाकट माणसांनाही. पालक म्हणजे कोण? गावातलेच वकील, न्यायाधीश, धंदेवाले. आणि त्यांची फी निघणार त्याच जमिनीच्या भाड्यातून. रिव्हरसाइडच्या 'प्रेस-एंटरप्राइज' या वर्तमानपत्राचा बातमीदार जॉर्ज रिंगवाल्ड याने हे प्रकरण कागदोपत्री बाहेर काढलं. १९६८ला त्या पत्राला त्यासाठी पुलित्झर मिळालं आणि त्याच वर्षी पालकांची पद्धत बंद झाली. संस्थानिक अज्ञान असला की कारभार कुणाच्या हातात जातो हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि १४ नंबरच्या चौकोनावर राहत कोण होतं? काहुइया कुटुंबं तर होतीच, पण शिवाय काळे लोक, मेक्सिकन, असे हॉटेलांत राबणारे, घरं बांधणारे, धुणीभांडी करणारे. शहराच्या इतर भागांत त्यांना घर मिळत नसे, कारण तिथल्या दस्तावेजांतच गोऱ्यांशिवाय कुणाला विकू नये अशी अट असे. म्हणून त्यांनी टोळीच्या लोकांकडून महिन्याच्या भाड्याने जागा घेऊन स्वतःच्या हातांनी घरं उभी केली. घर त्यांचं, जमीन दुसऱ्याची. ९९ वर्षांच्या लीजसाठी जमीन मोकळी हवी झाली, तसे पालकांनी कागद दिले आणि शहराने घरं पाडली, अग्निशामक दलाने जाळलीसुद्धा. काही लोक कामावरून परत आले तर घर नाही. १९६८ला राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या खात्याने अहवालात शहरावर फार कडक शब्दांत ठपका ठेवला, पण कुणावर खटला झाला नाही. शहराने माफी मागितली ती २०२१ला. २०२४च्या नोव्हेंबरात ५९ लाख डॉलरची भरपाई ठरली, आणि वर घरांच्या योजनांसाठी आणखी २ कोटी, त्यात पहिलं घर घेणाऱ्यांना मदत हीसुद्धा.

मी तो चौकोन पायी फिरलो. पश्चिमेला इंडियन कॅन्यन ड्राइव्ह, पूर्वेला सनराइज वे, उत्तरेला अलेहो रोड, दक्षिणेला रेमन रोड. आत कन्व्हेन्शन सेंटर, टोळीचा कसिनो, आणि त्याच झऱ्यावर २०२३ला उघडलेलं टोळीचं नवं स्नानगृह आणि संग्रहालय. त्याच चौकोनात कॉन्डोही आहेत, गुलाबी बोगनवेल वगैरे. जाळलेल्या घरांपैकी काहीच शिल्लक दिसत नाही. एका बाकावर बसून मी जिजाजींना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे भाडं तरी योग्य माणसाला जातंय ना?"

हा प्रश्न कागदांत शोधला. उत्तर : हो, आता जातं. बहुतेक जागी मालक म्हणजे टोळी नव्हे, एकेक काहुइया कुटुंब, म्हणजे १९५९च्या वाटपातल्या माणसांचे वारस. भाडेपट्ट्याला आणि त्याच्या वाढीला वॉशिंग्टनच्या इंडियन ब्यूरोची मान्यता लागते. वारस वाढत जातात तशा सह्या वाढत जातात. आपल्या वारसनोंदीसारखंच.

आता ज्यांची मुलंबाळं तिकडे आहेत त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. कॉन्डोत तुमच्या मालकीची भिंतींच्या आतली जागा, बाकी सगळं सामाईक. टाउनहोममध्ये शेजाऱ्याशी भिंत सामाईक, पण जिना आपला आणि पुष्कळदा खालची जमीनही. पाम स्प्रिंग्जमध्ये मात्र हा फरक दुय्यम. आधी विचारायचं की चौकोन कुठला. लीजच्या जमिनीवर सोसायटीचा (त्यांचा एचओए) मासिक हप्ता वेगळा, जमिनीचं भाडं वेगळं, ते ठरावीक वर्षांनी वाढतं, आणि कशाच्या हिशोबाने वाढतं हे पट्ट्यातच वाचावं लागतं, दलालाच्या तोंडून ऐकून भागत नाही. जमीन टोळीची असली तरी राहणाऱ्याच्या हक्कावर काउंटी कर लावतेच, ते कोर्टात टिकलंय.

कर्जाचं गणित आणखी मजेदार. कर्ज फिटल्यानंतरही किमान ५ वर्षं लीज शिल्लक असली पाहिजे, असा फॅनी मे या मोठ्या गृहकर्ज संस्थेचा नियम, आणि बऱ्याच बँका तोच पाळतात. ताईच्या कॉन्डोची लीज २०५७ला संपणारी. २०२५ला ३० वर्षांचं कर्ज काढलं तर ते फिटणार २०५५ला, वर ५ धरून २०६०. गेलं! २० वर्षांचं चालेल, २५चंही जेमतेम. आज हे जमतंय, पण दहा वर्षांनी घर विकायचं म्हटलं तर गिऱ्हाइकाला मिळणारं कर्ज आणखी आखूड, म्हणून गिऱ्हाइकंही कमी. मालक तयार असेल तर लीज वाढते, नसेल तर मुदत संपल्यावर जागा आणि बहुधा वरची इमारतही मालकाची. म्हणून ती घरं स्वस्त. त्यात फसवणूक काही नाही, सगळं लिहिलेलं असतं. वाचणारा पाहिजे.

उन्हाळ्याचंही सांगून ठेवतो : २०२४च्या ५ जुलैला तिथे १२४ फॅरनहाइट, म्हणजे ५१ सेल्सियस झालं होतं. बडोद्याचा मे बरा.

ताईचं मन बसलं होतं, पण लीज ऐकून तिचा चेहरा पडला. तिला लेकीला काहीतरी 'ठेवून' जायचं होतं. आमच्या घराण्यात दांडिया बाजारातलं घर तीन भावांच्या वाटणीत गेलं तेव्हापासून तिला जमिनीचा तो ध्यास आहे. फोनवर भाची म्हणाली, "आई, मला सिअ‍ॅटलला राहायचंय, मला ते वाळवंट नको." जिजाजी ६८चे. त्यांनी पाकिटामागे वजाबाकी केली आणि म्हणाले, "२०५७ला मी शंभरीचा होईन. तोवर मला डोंगर दिसला म्हणजे झालं."

घेतला त्यांनी तो कॉन्डो, कर्ज न काढता, लॉस एंजेलिसच्या घराचा काही पैसा घालून. ताई अजून अधूनमधून कुरकुरते. महिन्याच्या एक तारखेला दोन वेगळ्या रकमा जातात, एक एचओएला आणि एक जमिनीच्या भाड्याची.

आता एक विनंती. बाबाजीपुरा, शियापुरा, दांडिया बाजार इकडच्या ज्या घरांकडे संस्थानकाळचे भाडेपट्टे किंवा इनामाचे कागद असतील त्यांनी खाली फोटो टाका. मोडीत असले तरी चालतील. जमीन एकाची आणि घर दुसऱ्याचं अशी नोंद कुणाच्या कागदात असेल तर ते मला आधी बघायचेत.