पावसाळ्यात बंद ठेवायची मोटारगाडी

जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत किंवा त्याहून अधिक काळ न वापरता उभी राहणार असलेल्या गाडीची पूर्वतयारी, मधली देखरेख आणि ती पुन्हा रस्त्यावर आणण्याची पद्धत. बर्फ पडणाऱ्या देशांत ही तयारी हिवाळ्याआधी करतात. तेथे गोठणारे पाणी, कडाक्याची थंडी आणि रस्त्यांवर टाकलेले मीठ यांपासून गाडी वाचवायची असते. मुंबईच्या उपनगरांत हिवाळा गाडीला मानवतो. कसोटी लागते ती पावसाळ्यात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत मोसमी पाऊस साधारणपणे 11 जूनच्या सुमारास दाखल होतो आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात परततो. सांताक्रूझ वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी 2,200 मिमी.हून अधिक पाऊस पडतो.

गाडी अशी बंद ठेवण्याची वेळ अनेक घरांवर येते. मे महिन्यात मुलांकडे अमेरिकेला जाऊन दिवाळीच्या आधी परतणारे आईवडील, महिनोन्‌महिने जहाजावर असणारे मर्चंट नेव्हीतील लोक आणि जुन्या गाड्या जपणारे हौशी हे त्यांतले प्रमुख. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी तर ती पावसात न काढणेच बरे : डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ओल शिरली की ठिणगी पडत नाही आणि जुना पत्रा लवकर गंजतो. वेसावे, मढ, गोराई येथील कोळी 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून, झाकून, डागडुजी करून ठेवतात. गाडीलाही तीच शिस्त लागते.

धोक्याचे स्वरूप : गाडीला पाणी दोन प्रकारे बाधते. चढणारे पाणी एका रात्रीत इंजिन निकामी करते. मुरणारी ओल महिनाभरात सीटवर बुरशी, पत्र्यावर गंज आणि वायरींच्या जोडांवर हिरवट थर आणते. पहिल्याला उपाय जागेचा, दुसऱ्याला कोरडेपणाचा. बाकी सारी कामे या दोहोंनंतरची.

जागा : 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी. पाऊस झाला, तेव्हा कुलाब्याला 100 मिमी.सुद्धा झाला नव्हता. मिठी नदीच्या काठची वस्ती पाण्याखाली गेली आणि असंख्य गाड्या बुडाल्या. 18 जुलै 2021 रोजी कांदिवली पूर्वेच्या ठाकूर संकुलातील वाहनतळाच्या तळघरात पाणी भरून सुमारे 400 वाहने अडकली. त्याच वर्षी 13 जूनला घाटकोपर पश्चिमेच्या एका सोसायटीत जुन्या विहिरीवर स्लॅब टाकून केलेल्या जागेत उभी असलेली गाडी पाहता पाहता विहिरीत बुडाली. म्हणून तळघर आणि यांत्रिक पार्किंगचा खड्ड्यातला मजला टाळावा. पोडियम किंवा जोत्यावरचे स्टिल्ट पार्किंग निवडावे. पोयसर, दहिसर, मिठी या नद्या, मोगरा नाला, अंधेरी सबवेचा परिसर यांच्या जवळ राहणाऱ्यांनी सोसायटीतल्या जुन्या रहिवाशांना आजवर पाणी कुठवर चढले ते विचारावे आणि त्याहून उंच जागा पाहावी; स्वतःच्या सोसायटीत ती नसेल तर नातेवाइकांकडे. उघड्यावर ठेवणे भाग असेल तर गुलमोहर, पर्जन्यवृक्ष अशा झाडांखाली ठेवू नये. वादळी पावसात त्यांच्या फांद्या कोसळतात आणि पाने-फुले काचेखालच्या जाळीत साचून पाण्याची वाट बुजवतात.

बाहेरची तयारी : गाडी खालूनही धुऊन घ्यावी. खाडी-समुद्राजवळच्या भागांत पत्र्यावर बसणारा खारा थर तसाच राहिला तर ओल धरतो आणि गंज वाढवतो. गाडी उन्हात पूर्ण वाळवून मेण-पॉलिश लावावे, खालच्या बाजूला गंजरोधक लेप द्यावा, दारांच्या तळाची पाणी जाण्याची छिद्रे मोकळी करावीत. आच्छादन हवा खेळणाऱ्या कापडाचे असावे. प्लॅस्टिकखाली वाफ कोंडते आणि रंगावर डाग पडतात. ओल्या गाडीवर आच्छादन कधीही घालू नये.

आतली तयारी : खाण्याचा कण राहू देऊ नये. पायाखालच्या जाड चटया काढून घरात ठेवाव्यात. शेवटच्या फेरीत एसीची थंडी बंद करून काही मिनिटे फक्त पंखा चालवावा, म्हणजे आतले भाग सुकतात. सीटखाली सिलिका जेलच्या किंवा कोळशाच्या पुरचुंड्या ठेवाव्यात आणि महिन्याने बदलाव्यात.

बॅटरी : 12 व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरलेली असताना सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म आणि संगणकीय भाग थोडी वीज घेत राहतात. शिवाय उष्ण हवेत बॅटरी स्वतःहूनही लवकर उतरते. उतरलेली बॅटरी तशीच राहिली की पट्ट्यांवर शिसे सल्फेटचा थर घट्ट होतो आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. म्हणून ती भरून घेऊन ऋण टोकाची वायर आधी सोडवावी. त्यापूर्वी किल्लीने दार हाताने उघडते का, हे तपासावे. मार्च 2020 पासूनच्या टाळेबंदीत उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्या बॅटरीनेच दगा दिल्यामुळे अडल्या. विजेवर चालणाऱ्या गाडीची मोठी बॅटरी निम्म्याच्या आसपास भरलेली ठेवावी आणि उत्पादकाच्या पुस्तिकेतील सूचना पाळाव्यात.

इंधन व तेल : इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील बाष्प शोषते. टाकी भरलेली असेल तर आत हवा कमी राहते, म्हणून ती जवळजवळ भरून ठेवावी. सीएनजीच्या गाडीत सिलिंडरची झडप बंद करावी. जुने झालेले इंजिन ऑइल आम्लधर्मी असते, ते ठेवण्याआधीच बदलावे.

टायर व ब्रेक : हवा नेहमीच्या दाबापेक्षा 3 ते 5 पीएसआय जास्त भरावी, एकाच जागी वजन पडून टायर चपटा होणे त्याने कमी होते. हँडब्रेक ओढून ठेवला तर ओलीने ब्रेक चिकटतो. सपाट जागी गाडी गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असल्यास ‘पार्क’मध्ये ठेवून चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत.

उंदीर : पावसात बिळे भरली की उंदीर-घुशी बॉनेटखाली आसरा घेतात आणि वायरी कुरतडतात. बारीक जाळी लावावी, कचराकुंडीपासून गाडी दूर ठेवावी आणि आठवड्याला बॉनेट उघडून पाहावे.

कागदपत्रे : उभ्या गाडीचाही विमा चालू हवा, पूर, झाड आणि चोरी यांना चालत्या-उभ्याचा भेद नसतो. मुदत संपून 90 दिवस उलटले तर नो क्लेम बोनस जातो. पाण्याने इंजिन बिघडल्यास साध्या सर्वसमावेशक पॉलिसीतून भरपाई सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी. पीयूसीची मुदतही पाहून ठेवावी.

देखरेख : घरचे कोणी किंवा विश्वासू शेजारी असेल तर बॅटरी जोडलेली ठेवून पंधरवड्याने उघडिपीच्या दिवशी गाडी अर्धा तास चालवणे सर्वांत उत्तम. जागेवरच दोन मिनिटे इंजिन सुरू करणे अपायकारक : बॅटरी भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठते. किल्ली मुंबईतच कोणाकडे तरी असावी, म्हणजे पाणी चढू लागताच गाडी हलवता येते.

पुन्हा सुरू करताना : बॉनेट उघडून घरटी, कुरतडलेल्या वायरी आणि तेल-कूलंटची पातळी पाहावी, गाडीखाली गळती तपासावी, टायरचा दाब पूर्ववत करावा, पहिले काही किलोमीटर हळू जाऊन ब्रेक अजमावावेत. मात्र गाडीत पाणी शिरल्याची खूण दिसली, म्हणजे चटईखाली गाळ किंवा एअर फिल्टर ओला आढळला, तर सेल्फ मारू नये. पाणी दाबले जात नाही; सिलिंडरमध्ये ते असताना पिस्टन वर सरकला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि वाचू शकणारे इंजिन जाते. बॅटरी सोडवून गाडी टो करून गॅरेजला न्यावी आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे.