बालवाडीची फी कुणाच्या खात्यात?

विदर्भात इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही बालवाडीला ‘कॉन्व्हेंट’च म्हणतात. तिथं नन नसतात, चर्चही नसतं. असते ती फी. हिंगणघाट तालुक्यातलं वडनेर नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं गाव. अशा गावात नोकरदाराचं पोर व्हॅननं कॉन्व्हेंटला जातं आणि कापूस वेचणाऱ्या बाईचं अंगणवाडीत. दोघांचाही खर्च होतो. सरकारी हिशेबात मात्र यातला कुठला खर्च धरायचा, याची गोष्ट बरीच जुनी आहे.

सुरुवात आपल्याच माणसापासून करू. १९५५ साली अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, मूळचे महाडकडचे. त्यांच्या अर्थसंकल्पानं लग्न झालेल्यांसाठी करमाफीची मर्यादा दोन हजार रुपये केली आणि अविवाहितांसाठी एक हजार. कमावणाऱ्यामागे खाणारी तोंडं किती, हे कर लावताना बघायचं, असा त्यामागचा विचार. १९५८ पर्यंत हिशेबात मुलंही आली. विवाहिताला तीन हजारांपर्यंत कर नाही, एक मूल असेल तर ३,३०० आणि एकापेक्षा जास्त असतील तर ३,६०० पर्यंत. ब्रिटनमध्ये लॉईड जॉर्ज यांनी १९०९ सालीच मुलांमागे अशी सूट दिली होती. आपल्याकडे पुढं ती टिकली नाही.

पण वडनेरच्या शेतकऱ्याचं काय? त्याला यातलं काहीच लागू नव्हतं, कारण १८८६ च्या कायद्यापासून शेतीचं उत्पन्न आयकराच्या बाहेर आहे. कर नाही तर सूट कशातून मिळणार? शेतकऱ्याकडून सरकार पैसे घेत होतंच, पण शेतसाऱ्यातून आणि त्यावरच्या उपकरांतून. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं हाच मुद्दा मांडला होता: तिजोरी रयतेच्या घामानं भरते आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांच्या मुलांवर जातो.

वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाला एक वेगळंच उत्तर शोधलं गेलं. १९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली. दारूबंदी करायची होती, पण शाळांचा खर्च बराचसा दारूवरच्या करातून निघत होता. मुलांना शिकवायचं तर बापानं प्यायला हवं, असा तो विचित्र पेच. गांधीजींचं म्हणणं असं की शाळेनं स्वतःचा खर्च स्वतः काढावा. मुलांनी सूत कातावं, हस्तोद्योग करावा, त्यातून शिक्षकाचा पगार निघावा. त्याच वर्षी २२ आणि २३ ऑक्टोबरला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ‘नई तालीम’ उभी राहिली. याच काळात मध्य प्रांतात रविशंकर शुक्लांनी ‘विद्यामंदिर’ योजना आणली. गावकऱ्यांनी जमीन दान द्यायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची. पोरांच्या हातच्या कामावर मास्तरचा पगार काढणं ही बालमजुरी ठरेल, अशी टीका तेव्हाच झाली होती, आणि मला ती बरोबर वाटते. तरी शाळेचा पैसा नेमका कुठून येतो, हे त्या लोकांनी उघडपणे विचारलं, तेवढं नंतर फारसं कुणी विचारलं नाही. १९४५ मध्ये नई तालीमनं सात वर्षांखालच्या मुलांनाही कवेत घेतलं. सेवाग्रामची पूर्व-बुनियादी त्यातलीच. तिकडे त्याच वर्षी बोर्डीत ताराबाई मोडकांनी गावच्या मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. अंगणात भरणारी बालवाडी, म्हणजे ‘अंगणवाडी’, ही कल्पना त्यांच्या कामातून आली. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला.

आयकरात मुलांची फी परतली ती २००३ मध्ये. इथं थोडं थांबू, कारण गंमत तपशिलात आहे. तेव्हा कलम ८८ होतं. दोन मुलांपर्यंत, प्रत्येकी बारा हजार फीवर थेट करात सूट मिळे. वार्षिक उत्पन्न दीड लाखापर्यंत असेल तर वीस टक्के, म्हणजे २,४००; त्यावर पाच लाखांपर्यंत पंधरा टक्के, म्हणजे १,८००; पाच लाखांच्या वर शून्य. कमी कमावणाऱ्याला जास्त. प्ले-स्कूल आणि नर्सरीसुद्धा यात धरली जाईल, असंही खात्यानं स्पष्ट केलं. २००५ मध्ये कलम ८०सी आलं आणि गणित उलटलं. आता फी उत्पन्नातून वजा होऊ लागली. त्याच बारा हजारांवर दहा टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे १,२०० वाचू लागले आणि तीस टक्केवाल्याचे ३,६००. यावर फारसा गाजावाजा झाला नाही.

त्यातही मोजायची ती फक्त ट्यूशन फी. डोनेशन, डेव्हलपमेंट फी, व्हॅनचं भाडं बाहेर. पाळणाघर तर पूर्णच बाहेर. अमेरिकेत १९५४ पासून कामावर जाणाऱ्या आईला मूल सांभाळण्याच्या खर्चाची वजावट होती. इथं तो खर्च घरचाच मानला गेला. पगारात मिळणाऱ्या शिक्षणभत्त्यापैकी करमुक्त किती, तर मुलामागे महिन्याला शंभर रुपये. हा आकडा १९९० च्या दशकात ठरला आणि पुढं पाव शतकाहून जास्त काळ तसाच राहिला.

याच्या मधोमध, २००४ मध्ये, दोन टक्के शिक्षण उपकर आला. तो आयकरावर होता, तसाच उत्पादन शुल्कावरही. म्हणजे कारखान्यात बनलेला साबण विकत घेणारी मजूर बाईसुद्धा तो भरत होती. वजावटीत तिचं नाव नव्हतं, वसुलीत होतं. पैसे प्राथमिक शाळा आणि मध्यान्ह भोजनाकडे गेले, ते तिच्या मुलाच्या ताटात पोचलेही. कुणी याला हिशेब बरोबर झाला म्हणेल. पण शाळा सहाव्या वर्षी सुरू होते.

२०२० मध्ये नवी करप्रणाली आली, २०२३ पासून तीच आपोआप लागू झाली आणि तिच्यात ८०सी नाही. कॉन्व्हेंटची फी भरणाऱ्या नोकरदाराचीही सूट त्या वाटेनं गेली. आणि अंगणवाडी आहे, पण तिचे तास मोजके. वेचणीच्या दिवसांत आई संध्याकाळपर्यंत शेतात असते. मधल्या वेळात पोराला आजी सांभाळते, नाहीतर शाळा बुडवून थोरली बहीण.